पालक उगवत नाही आणि टोमॅटो उपटवत नाही

पत्र:

ताई, आमच्याकडे उन्हाळा संपत आलाय पण दुपारचं ऊन अजून भाजून काढतंय. घरामागे चार वाफे आहेत आणि पुढे फुलांच्या कुंड्या. टोमॅटो दमलेत, वरवर चढतायत पण फळं हिरवीच राहतात, काकडीच्या पानांवर पांढरी पावडर आलीय, कोथिंबीर हातभर झाली की लगेच फुलावर जाते. पुढच्या सीझनसाठी पालक दोनदा पेरला, दोन्ही वेळा जेमतेम पाच-सहा रोपं आली. लेट्यूस तर एकही नाही. पेटुनिया नुसत्या काड्या झाल्यात. शेजारच्या काकू म्हणतात आता काही लावू नकोस, सीझन गेला, पुढच्या वर्षी बघ. कडाक्याची थंडी पडायला अजून दहाएक आठवडे आहेत. खरंच काही होण्यासारखं आहे का? आणि हिरवं झाड उपटायला माझा हातच धजत नाही, त्याचं काय करू?
– खुरपं हातात घेऊन उभी

उत्तर:

अगं खुरपंवाली, काकूंचं ऐकू नकोस. म्हणजे बाकी सगळं ऐक, हे सोडून. दहा आठवडे म्हणजे 70 दिवस, आणि 70 दिवसांत एक अख्खा पालक, दोन वेळा मुळा, तीन वेळा मेथी निघते. सीझन गेलेला नाहीये, फक्त उन्हाळ्याच्या सुरुवातीला तू जसं काम केलंस ना तसं आता चालत नाही, तेव्हा पुढे बघून लावायचं असतं आणि आता थंडीपासून मागे दिवस मोजायचे.

पण तुझ्या पत्रातला खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करते. या दिवसांतलं लागवडीचं सगळ्यात मोठं काम म्हणजे उपटणं. बी आहे, हौस आहे, पण जागाच नाही, कारण चारही वाफ्यांत अर्धमेली झाडं ठाण मांडून बसलीत आणि आपण रोज त्यांना पाणी घालतोय कारण ती अजून हिरवी आहेत. हिरवं असणं वेगळं आणि कामाचं असणं वेगळं. मलाही हे कळायला बरीच वर्षं गेली बरं का, एकदा मी एका भोपळ्याच्या वेलाला फक्त एक कळी दिसली म्हणून तीन आठवडे ठेवला, ती कळी नर फुलाची निघाली आणि तोपर्यंत कोबीची रोपं ट्रेमध्ये लांबडी होऊन वाकली.

तर असं कर. काकडी काढ. भुरी आहे ती, पांढरी पावडर म्हणतेस ती. लोकांना वाटतं फंगस म्हणजे ओलाव्यामुळेच येणार, पण भुरीला पान ओलं लागतच नाही, दिवसा कोरडं गरम आणि रात्री हवेत दमटपणा एवढं तिला पुरतं, म्हणून ती नेमकी याच दिवसांत येते. कोवळी वेल असती तर खराब पानं काढून, हवा खेळती ठेवून वाचवायला सांगितलं असतं, पण म्हातारी वेल आणि त्यात अर्ध्याहून जास्त पानं पांढरी म्हटल्यावर तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. नवीन काकडी आता पेरूही नकोस, तिला 50-55 दिवस लागतात आणि थंडीचा पहिला झटका बसला की ती आडवी. रोगट पानं कंपोस्टच्या ढिगात टाकू नकोस, वेगळी काढून फेक.

टोमॅटो मात्र सगळे काढू नकोस. आधी एक गोष्ट, फळं हिरवीच राहतात ती तुझी चूक नाही. टेम्परेचर सतत 30 डिग्रीच्या वर असलं की टोमॅटोत लाल रंग नीट तयारच होत नाही, फळ पूर्ण वाढून तसंच थांबतं, नाहीतर पिवळट नारिंगी होतं. हवा जरा उतरली की तीच फळं भराभर लाल होतात. आता झाडाजवळ जा आणि नीट बघ, पानं बाजूला करून. खालची पानं करपलेली असतील, ती सोड. वरच्या घोसांत फुलं बघ. फुलाच्या देठावर मध्येच एक गाठीसारखा सांधा असतो, तो पिवळा पडला असेल तर ते फूल बोटाचा धक्का लागला तरी गळतं, जास्त उष्म्यात असं होतंच. पण देठ हिरवा असेल आणि सुकलेल्या पाकळ्यांच्या आत मोहरीएवढा हिरवा दाणा दिसत असेल तर फळ धरलंय. आता ज्या झाडावर असे धरलेले दाणे आणि पूर्ण वाढलेली हिरवी फळं दोन्ही आहेत ते ठेव. ज्यावर फक्त पाला आणि दोन तडकलेली फळं आहेत ते काढ. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे जातात आणि हवा थंड झाली की अजून जास्तच, त्यामुळे आत्ताची फुलं कशीबशी पोचतील, महिन्याभरानंतरची नाही. म्हणून अजून चार-पाच आठवड्यांनी, म्हणजे थंडीला पाच-सहा आठवडे उरले की, वेलीसारख्या वाढणाऱ्या टोमॅटोचा शेंडा खुडून टाक आणि त्यानंतर येणारं प्रत्येक फूलही. झाडाचं सगळं बळ मग आहे त्या फळांत जातं. आणि शेवटी काही हिरवी राहिलीच तर तोडून घरात ठेव, त्यांना पिकायला ऊन लागत नाही, थोडी ऊब आणि जवळ एखादं पिकलं केळं असलं की झालं. फक्त फ्रीजमध्ये नको.

झाडं काढताना मुळासकट हिसका मारून उपटायची गरज नाही. जमिनीलगत कापायची आणि मुळं आत कुजू द्यायची, माती कमी उसकटते. एकच काळजी, प्रत्येक पिकाचं एखादं झाड मात्र उपटूनच बघ, मुळांवर बारीक बारीक गाठी असतील तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अगदी सूक्ष्म जंत, मग त्या वाफ्यातली सगळी मुळं उकरून काढ. (घेवडा चवळीच्या मुळांवरही गाठी असतात पण त्या चांगल्या, नखाने चटकन सुटतात आणि आतून गुलाबी असतात. त्या राहू देत.)

आता हिशोब. पाकिटावर 'तयार होण्याचे दिवस' लिहिलेले असतात ना, ते भर उन्हाळ्याकडे जाणाऱ्या वाढत्या दिवसांचे आहेत असं समज. आता दिवस रोज थोडा थोडा लहान होतोय, सगळं हळू वाढणार, म्हणून त्या आकड्यात सरळ 14 दिवस मिळव. पालक 45 आणि 14 म्हणजे 59, बसतो. बीट 55 आणि 14, एकोणसत्तर, काठावर, पण बीटला थोडी थंडी चालते आणि काहीच नाही तर पाला मिळतो, पेर. मुळा 25-30 दिवसांचा, त्याचं टेन्शनच नाही, फक्त सगळा एकदम न पेरता दर दहा दिवसांनी एक एक ओळ टाक. मेथीचंही तसंच. गाजर 70 आणि 14, म्हणजे चौऱ्याऐंशी, हिशोबात बसत नाही, तरीही पेर, कारण गाजर गारठ्यात मरत नाही, मातीतच राहतं, आणि थंडीत त्याची गोडी उलट वाढते, बोटाएवढी का होईना मिळतील. मटार काठावर आहे, मटारचं झाड थंडी सोसतं पण फुलं आणि कोवळ्या शेंगा सोसत नाहीत, त्यामुळे बुटकी लवकर येणारी जात असेल तरच, आणि तीही याच आठवड्यात. फरसबी राहू दे, ती गोठणारी एक रात्रसुद्धा सोसत नाही. कोबी फ्लॉवर आता बियांपासून नकोच, रोपच महिन्याभराचं व्हायला लागतं आणि मग पुढे दोन-अडीच महिने, तयार रोपं मिळाली तर लाव नाहीतर सोडून दे.

आणि जिथे थंडीत दिवस 10 तासांच्याही खाली जातो तिथे भाज्या जवळजवळ वाढायच्याच थांबतात, मरत नाहीत, नुसत्या बसून राहतात. त्यामुळे जे काही मोठं व्हायचंय ते त्याच्या आत व्हायला हवं. दिवस किती तासांचा आहे हे मोबाईलवर सूर्योदय सूर्यास्त बघून कळतं, एकदा बघून ठेव.

आता तुझा पालक. तू खोटं बी आणलं असं तुला वाटत असेल तर आधी त्या बियांना सॉरी म्हण. पालक 30 डिग्रीच्या आसपास गेला की उगवायला कुरकुर करतो, आणि लेट्यूस तर 27-28 च्या वर गेलं की सरळ झोपून जातं, जिवंत असतं, पण उगवत नाही. आणि हवेचं टेम्परेचर 30 असलं ना तर उघड्या मातीचा वरचा पापुद्रा दुपारी 40 च्या वर सहज जातो, हात ठेवून बघ दुपारी दोनला, आणि बी नेमकं तिथेच असतं बिचारं.

उपाय सोपा आहे. पालकाचं बी रात्रभर पाण्यात ठेव, सकाळी निथळून ओल्या कागदात गुंडाळ, डबीत घाल आणि फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेव, चार-पाच दिवस. मधे एकदा उघडून बघ, कागद ओला हवा पण पाणी टपकायला नको. पाचव्या दिवसापासून काही बियांच्या टोकाला पांढरा ठिपका फुटलेला दिसेल, तेवढा दिसला की त्याच संध्याकाळी पेरायचं, कोंब लांब होईपर्यंत थांबलीस तर पेरताना मोडतील. लेट्यूसलाही असंच, फक्त ते एक-दोन दिवसच, आणि त्याला उजेड आवडतो म्हणून मातीत खोल गाडायचं नाही, वर भुरभुरवून तळव्याने हलकं दाबायचं, वर चिमूटभर बारीक कंपोस्ट, बस. नाहीतर ट्रेमध्ये लेट्यूस पेरून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेव आणि उगवलं की त्याच दिवशी उजेडात आण.

पेरायची पद्धतही बदल. आपण काय करतो, बी टाकतो, माती लोटतो आणि मग झारीने धो धो पाणी. त्याने वर पापडी धरते आणि कोंबाला ती फोडता येत नाही. त्यापेक्षा सरी ओढ, सरीत आधी पाणी सोड, ते मुरलं की परत एकदा सोड, मग त्या गार चिखलात बी टाक आणि वरून कोरडी भुसभुशीत माती किंवा चाळलेलं कंपोस्ट पसर. वरची कोरडी माती पांघरुणासारखं काम करते, खाली ओल टिकते. पालक आणि बीट नेहमीपेक्षा थोडं खोल चालतं, दीड-दोन सेंटीमीटर. आणि हे सगळं संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, म्हणजे बियांना पहिली रात्र तरी गार मिळते.

गाजराला मात्र वेगळाच लाड. त्याला उगवायला एक ते दोन, कधी तीन आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात वरचा थर एकदाही सुकून चालत नाही, जे उन्हाळ्याच्या शेवटी नोकरी घर सांभाळून कोणालाच जमत नाही. म्हणून ओळीवर ओलं गोणपाट किंवा लाकडी फळी टाकतात. भारी युक्ती आहे, पण पाचव्या दिवसापासून रोज सकाळी ती उचलून बघायचीच. मी एकदा पाचव्या दिवशी बघितलं, काही नव्हतं, मग पाहुणे आले आणि थेट दहाव्या दिवशी फळी उचलली तर खाली पांढऱ्या दोऱ्यासारखी रोपं, पिवळट, फळीला चिकटून आडवी वाढलेली, अख्खी ओळ. दुपारच्या उन्हाने तासाभरात सगळी गेली. तेव्हापासून मी फळी सपाट ठेवतच नाही, दोन्ही टोकांना एक एक वीट ठेवून बोटभर उचलून ठेवते. पहिली हिरवी टोकं दिसली की फळी संध्याकाळी काढायची, सकाळी नाही.

कोथिंबीर फुलावर जाते ती उष्म्याने आणि मोठ्या दिवसांनी, आणि तिला उचलून दुसरीकडे लावलं की अजूनच लवकर. धणे जरा रगडून दोन फोडी करून थेट जागेवर पेर, आता दिवस लहान होतायत तर ही पेर टिकेल. जी फुलावर गेलीय ती एक-दोन झाडं राहू दे, त्या पांढऱ्या फुलांवर माव्याला खाणारे छोटे मित्रकीटक येतात, फुकटचं औषध.

वाफ्याला नवीन पीक लावायच्या आधी दोन-तीन सेंटीमीटर कुजलेलं कंपोस्ट पसरून वरच्या थरात हलकं मिसळ, ताजं शेण अजिबात नको. माती फार कोरडी ठक्क असेल तर आदल्या दिवशी पाणी देऊन वाफसा येऊ दे, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली होऊ दे, मग खुरपं चालव. दुपारच्या उन्हापासून पहिले दोन-तीन आठवडे 40-50 टक्क्यांची हिरवी शेडनेट, ती नसेल तर जुनी पातळ ओढणी चार काठ्यांवर. आच्छादन मात्र रोपं चार बोटं झाल्यावरच, त्याआधी पालापाचोळा टाकलास तर बी आणि गोगलगाई दोघं खूश आणि बी नंतर गायब. कोबीवर्गातलं काही लावलंस, म्हणजे मुळासुद्धा, तर पांढरी फुलपाखरं भिरभिरताना दिसली की पानं उलटून बघ, मागच्या बाजूला पिवळट अंडी असतात, अंगठ्याने पुसून टाकायची. बारीक जाळी पहिल्या दिवशीच घातलीस तर हे कामच नाही.

आता फुलं, म्हणजे तुझ्या पेटुनियाच्या काड्या. कात्री घे आणि निम्म्यावर काप. हो, निम्म्यावर. भीती वाटत असेल तर आज निम्म्या फांद्या काप आणि दहा दिवसांनी उरलेल्या, म्हणजे कुंडी अगदीच बोडकी दिसणार नाही. मग भरपूर पाणी आणि पातळ केलेलं द्रव खत, दोन-तीन आठवड्यांत परत फुलायला लागतील. झेंडू झिनियाची सुकलेली फुलं नुसत्या पाकळ्या ओढून काढू नकोस, खालच्या पानाच्या जोडीपर्यंत देठासकट काढ, नाहीतर बी तिथेच धरतं आणि झाडाला वाटतं झालं आपलं काम. नवीन झिनिया आता पेरून थंडीच्या आत जेमतेम फुलेल, त्यापेक्षा कॅलेंड्युला पेर, 50-55 दिवसांत फुलतो आणि हलका गारठा त्याला उलट मानवतो. पॅन्झीची बियांपासून तीन महिन्यांची यातायात असते, तयार रोपं आण.

तुझ्याकडे शेवंती असेल (लिहिलं नाहीस, पण कुंड्या आहेत म्हणजे एखादी असतेच) तर तिचे शेंडे खुडणं आता बंद. शेवंती दिवसाची लांबी बघून कळ्या धरते. 1920 साली गार्नर आणि अलार्ड या दोघांनी तंबाखूची एक जात काही केल्या उन्हाळ्यात फुलेना म्हणून प्रयोग केले आणि झाडं दिवसाची लांबी ओळखतात हे दाखवून दिलं, पुढे कळलं की झाडं खरं तर रात्रीची लांबी मोजतात. सांगायचा मुद्दा, शेवंतीची कुंडी रात्रभर दिवा जळतो अशा व्हरांड्यात असेल तर तिला रात्र मोठी झालेलीच कळत नाही आणि ती फुलायला उशीर करते. हलव तिला अंधारात.

गुलाबाला आणि इतर लाकडी खोडाच्या झाडांना आता नायट्रोजनवालं खत देऊ नकोस, कोवळी फूट येते आणि ती गारठ्याने काळी पडते. आयरिस दाटले असतील तर ते विभागायची हीच वेळ, कंद उथळ लाव, पाठ उघडी राहिली पाहिजे. ट्यूलिप डॅफोडिलचे कंद आता मागवून ठेव पण लावू नकोस, माती 10-12 डिग्रीला आली की लावायचे, कंदाच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल. लसणाचंही तेच, त्याला गड्डा धरायला आधी थंडी लागते, लावायची घाई नाही. पण एका वाफ्याचा कोपरा त्याच्यासाठी आत्ताच राखून ठेव नाहीतर तिथे तू अजून एक मुळ्याची ओळ टाकशील, मी ओळखते तुला.

आणि सगळे वाफे भरायलाच पाहिजेत असंही नाही. एखाद्यात मोहरी दाट फेकून दे, हातभर झाली की फुलावर यायच्या आत कापून तिथेच मातीत मिसळ, पुढची लागवड दोन-तीन आठवड्यांनी. फक्त त्यावर लगेच कोबी नको, एकाच घराण्यातले आहेत.

शेवटचं, झेंडूची दोन-चार चांगली फुलं झाडावरच पूर्ण वाळू दे, बियांसाठी. काळ्या काडीसारखं बी आणि टोकाला फिकट शेपूट. तुझं मूळ बी पाकिटातलं हायब्रिड असेल तर पुढची झाडं वेगळीच निघतील, हरकत नाही, गंमत येते. कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेव आणि त्यावर नाव, रंग, वर्ष सगळं तिथल्या तिथे लिही. लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही, माझ्याकडे एक डबी आहे जिच्यावर माझ्याच अक्षरात नुसतं 'लाल, उंच' असं लिहिलंय, आत तीन प्रकारचं बी आहे, आणि दर वर्षी मी ती उघडते, बघते, आणि परत बंद करून ठेवते.